डोहात पहिला पाय

आमच्या नदीला नाव आहे, पण गावात ते कोणी घेत नाही. नदी म्हणजे नदी. वरच्या डोंगरातून ती उतरते, गावाला वळसा घालते आणि पुढे खाडीला मिळते. माझं घर गावाच्या शेवटी, नदीकडच्या उतारावर. अंगणातून खाली पाहिलं की डोह दिसतो. मला दिवसभरात दुसरं फारसं काही दिसत नाही, म्हणून डोहाबद्दल मला गावातल्या कुणापेक्षा जास्त माहीत आहे. त्यात मोठेपणा काही नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी लग्न होऊन मी इथे आले. माहेरी चौथीपर्यंत शिकले होते. सासूला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "वाचता येतं तर येव दे. हंडा घेऊन चढता येतो ना?"

चढता येत होता. गावात विहीर एकच, आणि खाडी जवळ असल्यामुळे उन्हाळ्यात तिचं पाणी मचूळ व्हायचं. त्यात डाळ शिजायची नाही. मग सगळं गाव नदीवर. डोहाच्या खालच्या अंगाला वाळूत खड्डा उकरायचा आणि त्यात झिरपून आलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं. त्या खड्ड्याला आम्ही डवरा म्हणतो. डवऱ्याचं पाणी गोड असतं, पण वरचा डोह चांगला असेल तरच.

डोह चांगला नव्हता. भाताच्या कापणीनंतर ओल राहिलेल्या वावरांत लोक ताग लावत. त्याचे दोर व्हायचे, आणि उरलेला ताग खाडीवरचे कोळी जाळ्यांसाठी न्यायचे. तागाच्या काड्या भारे बांधून पाण्यात बुडवाव्या लागतात, वर दगड ठेवावे लागतात. साल कुजून सुटली की ती ओढून काढायची आणि आपटून धुवायची. हे सगळं आमच्या डोहात चालायचं, आणि तेही नदीची धार करंगळीएवढी झालेली असताना. पाणी काळं पडायचं. अंगाला लागलं की खाज सुटायची. वास तर जेवताना ताटात यायचा. मासे तोंडं वर काढून गरगरायला लागले की लोक टोपल्या घेऊन धावत. त्या दिवशी घरोघरी कालवण असायचं. ते कालवण मीही खाल्लं आहे.

एका उन्हाळ्यात गावात पटकी आली. माझा नवरा गेला आणि त्याच आठवड्यात सासू गेली. मी का वाचले ते मला माहीत नाही. तागाच्या पाण्याने पटकी होते की नाही तेही मला माहीत नाही. मूल झालं नव्हतं. घर, घरापुढचा भाताचा एक तुकडा आणि मी, एवढंच राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर माझा थोरला भाऊ न्यायला आला. ओटीवर बसून म्हणाला, "चल बाय. एकटी काय करशील हितं?"

तो मनाने चांगला होता. पण माझी एक आत्या अशीच माहेरी परत आलेली मी पाहिली होती. ती मागच्या दाराशी बसून सगळ्यांच्या नंतर जेवायची. तिला कोणी वाईट बोलायचं नाही. तिला कोणी काहीच बोलायचं नाही. भांडी घासून झाली की ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मी ठरवून टाकलं होतं की भिंतीकडे बघायचं तर ती भिंत माझी असेल.

"दादा, हंडा भरतोय तंवर मी हितंच," मी म्हटलं.

"आनि नाय भरला मंग?"

"मंग येईन."

हे मी सहज बोलून गेले. पण तो शब्दाचा पक्का होता आणि मलाही तसाच समजत होता.

पटकीनंतर गाव थोडं शुद्धीवर आलं. देवळात बैठक झाली. शाळेतले गुरुजी म्हणाले की डोहात ताग नको, गुरं धुवायला नकोत, पाण्याच्या वरच्या अंगाला कोणी परसाकडे बसायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वर्षी पहिला भारा ज्याने टाकला तो पहाटे येऊन टाकून गेला. त्याला पाहून दुसरा आला. शिमग्यापर्यंत डोह पुन्हा भरला. मी अंगणातून बघायची. विचारलं तर प्रत्येक जण म्हणायचा, "माजा येकच हाय गो वयनी. येकानं काय व्हतंय?"

मग गुरवकाकांनी तोड काढली. काका आमच्या ग्रामदेवतेची पूजा करत. गावाच्या वर देवीची राई आहे. तिच्यातली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, कारण राई देवीला सोडलेली आहे. काका म्हणाले, "मान्सांचा धाक पुरत न्हाय. डोहबी देवीला सोडू."

तसंच केलं. नारळ फोडला, काठावर दगड उभा करून त्याला शेंदूर फासला. त्या दिवसापासून डोहात ताग नाही, मासेमारी नाही, धुणं नाही, पायसुद्धा घालायचा नाही. पाणी फक्त खालच्या डवऱ्यातून. तागासाठी लोकांनी आपापल्या वावरात खड्डे खणले आणि कुरकुर करत खांद्यावरून पाणी वाहून ते भरले. गुरुजींचं म्हणणं ज्यांनी शिमग्यापर्यंतही पाळलं नाही, त्यांनी शेंदराचा दगड वर्षानुवर्षं पाळला.

आणि डोह सुधारला. हे मी खोटं सांगणार नाही. पाण्याचा तळ दिसायला लागला. मासे आले, मग माशांच्या मागे खंड्या आला. एका सकाळी पाणमांजरांची जोडी खडकावर बसून मासा खात होती. एक खात होतं, दुसरं बघत होतं, मग पहिल्याने उरलेलं त्याच्यापुढे टाकलं. मला हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मागे वळले तर अंगणात कोणी नव्हतं. मी भांडी घासायला घेतली. ती वर्षं अशीच गेली. हंडा भरत होता, तेवढं पुरे होतं.

पुढे वरच्या डोंगरावर कुणा ठेकेदाराने कोळशाच्या भट्ट्या लावल्या. झाडं गेली. आमच्याच गावचे लोक मजुरीला जायचे. मग एका पावसाळ्यात डोंगराची माती सुटली आणि नदीवाटे आमच्या डोहात येऊन बसली. पाणी ओसरलं तेव्हा जिथे बांबू बुडत होता तिथे गुडघाभर पाणी राहिलं. त्याच्यावर हिरवी साय धरली. पाणमांजरं गेली. दिवाळीनंतर डवऱ्याला झिरा कमी झाला, आणि शिमग्याला तर वाटीने खरवडून वाळूच हातात यायला लागली.

गाळ काढायला हवा हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण डोह देवीचा. त्यात पाय कोण घालणार? आम्हीच कुलूप घातलं होतं आणि चावी आमच्याकडे नव्हती.

काकांनी कौल लावला. म्हणजे देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळं गाव गाभाऱ्याकडे डोळे लावून बसलं. एकही कळी पडली नाही. परत लावला. तरी नाही. कळ्या मूर्तीवरच सुकल्या.

"देवी बोलत न्हाय," काका म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, "तिलाबी ठावं नसंल." त्याला त्याच्या आईने चापट मारली. नकार मिळाला असता तर गावाने दुसरं काही शोधलं असतं. होकार मिळाला असता तर फावडी उचलली असती. देवी गप्प बसली, म्हणून गावही गप्प बसलं. लोक बैलगाडीवर पिंपं ठेवून पलीकडच्या गावच्या विहिरीवर जायला लागले. मला गाडी नव्हती. मी डोक्यावर हंडा घेऊन जायची आणि तिथल्या बायकांचं भरून होईपर्यंत बाजूला उभी राहायची. कधी मिळायचं, कधी तळाचा गढूळ घोट.

भाऊ आला. त्याने रिकामे हंडे बघितले. आवाज चढवला नाही.

"आता न्हाय भरत ना?"

"न्हाय."

"अक्षय्य तृतीयेला गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेव."

तो गेल्यावर मी भिंतीला टेकून बसले. आत्या डोळ्यांपुढे आली. ती दिसायला माझ्यासारखीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावडं आणि पाटी घेतली आणि डोहात उतरले. नदीसाठी उतरले नाही. गावासाठी तर नाहीच. मला माझ्या घरात राहायचं होतं. शेंदराच्या दगडाला हात जोडले आणि सांगितलं, "तू बोलत न्हायस तर मी माजं काम करते." पाय टाकला तर तो पोटरीपर्यंत आत गेला. गार गाळ. पहिली पाटी भरून काठावर टाकली. मग दुसरी.

उन्हं वर येईपर्यंत वरच्या वाटेवर माणसं जमली. खाली कोणी आलं नाही. एक शेजारीण वरूनच ओरडली, "अगो, भाईर ये. वाटोळं करून घेशील."

"वाटोळं व्हायला आनखी काय शिल्लक हाय माजं?"

खरंच काही नव्हतं.

काकांनी येऊन बघितलं. मला ना मोडता घातला ना मदत केली. लोकांना म्हणाले, "बगू या काय व्हतं ते."

काय होतं म्हणजे मला काय होतं. सगळं गाव माझ्या मरणाची वाट बघायला लागलं, आणि वाईट मनाने नव्हे. मी जगले तर फावडी बाहेर निघणार होती, मेले तर निघणार नव्हती, एवढाच हिशेब. मी रोज उतरायची. सकाळी वाटेवरून जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, "बरी हाईस ना वयनी?" मी म्हणायची, "बरी हाय." तो पुढे जायचा. इतक्या वर्षांत माझी तब्येत इतक्यांनी कधी विचारली नव्हती. पण विडी पेटवून घ्यायला निखारा मागायलाही कोणी अंगणात पाय ठेवेना. शेजारणीने आमच्या दोघींच्या मधल्या कुडाची फट माझ्या देखत शेणाने लिंपून घेतली. मी समोर बसून तांदूळ निवडत होते. ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली आणि लिंपत राहिली.

एकटीने कितीसा गाळ निघणार. खड्डा करायची, सकाळपर्यंत बाजूचा गाळ त्यात घसरलेला असायचा. तरी करत राहिले.

मग पाय कापला. पूर्वी तागाचे भारे बुडवताना लोक त्यांना बांबूचे खुंट ठोकायचे. तसा एक जुना खुंट गाळात उभा होता. तो डाव्या तळव्यात शिरला. मी तिथेच पाण्यात बसले आणि तो उपसून काढला. वर वाटेवर दोघं तिघं होती. मी पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि सरळ चालत काठावर आले. सरळ चालले हे महत्त्वाचं. लंगडले असते तर संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं की देवीने पाय धरला. मग अक्षय्य तृतीयेला गाडीत बसायचं.

घरी हळद आणि खोबरेल तेल भरलं. दुसऱ्या दिवशी पाय सुजून नारळाएवढा झाला आणि अंगात कसकस आली. मी लुगडं खाली सोडून नेसले, सूज दिसू नये म्हणून, आणि उतरले. "बरी हाईस ना वयनी?" "बरी हाय." गार गाळात पाय घातला की जरा बरं वाटायचं, चालताना जीव जायचा. घरी आल्यावर मी दार लावून रांगायची. चुलीपाशी रांगत जायची, भात घालून रांगत परत यायची. कोणी नव्हतं ते बरं होतं. नुसतं एक वाटायचं, की कोणीतरी असतं तर हे लपवायला दार लावावं लागलं असतं का.

तिसऱ्या प्रहरी गुरवकाकी आली. म्हणजे काकांची बायको. वाटेवर न थांबता ती थेट अंगणात आली, मी डोहात उतरल्यापासून पहिल्यांदाच कोणी आलं होतं. मी ओटीवर पाय मुडपून बसले होते.

"काटा रुतला काय गो?"

"न्हाय."

"बरं," ती म्हणाली. माझ्या पायाकडे तिने बघितलंच नाही. ओटीच्या कडेला जरा टेकली, पदराने वारा घेतला, तिच्या सुनेच्या हाताला चव नाही हे सांगितलं आणि उठून गेली. ती उठली तिथे केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं. उघडलं तर आत तव्यावर शेकलेला कांदा होता, हळद घालून ठेचलेला, अजून गरम. मी तो बांधला. दुसऱ्या दिवशीही पुडी होती, तिसऱ्या दिवशीही. ती दर वेळी सुनेच्या तक्रारी सांगायची आणि पायाचा शब्द काढायची नाही. जिच्या घरात देवीची पूजा होती, तिने एका शब्दाने माझं काम संपवलं असतं. तिने तो शब्द तोंडातच ठेवला. पुढे मी कधी तिला विचारलं नाही आणि ती कधी बोलली नाही. गळू फुटलं, सूज उतरली.

त्यानंतर काकांनी पुन्हा कौल लावला. या वेळी बोट काढताक्षणी उजवी कळी पडली. गाभारा झाडायला सकाळी काकी गेली होती. तिने मूर्तीच्या उजव्या खांद्याला तेलाचा हात लावला होता की नाही, ते देवीला आणि तिलाच ठाऊक.

अक्षय्य तृतीयेला भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा त्याला माझं घर रिकामं सापडलं. सगळं गाव डोहात होतं. पुरुष खणत होते, बायका रांग करून पाट्या वर पोचवत होत्या, म्हातारे काठावर बसून सगळ्यांना अक्कल शिकवत होते. भाऊ वाटेवर उभा राहून बघत राहिला.

"सामान बांदलंस?" त्याने मला विचारलं.

"न्हाय."

"मंग गाडीचं काय करू?"

माझ्या आधी एकाने उत्तर दिलं, "गाळ भरा पावनं. तुमच्या भैनीच्या वावरात टाकायचा हाय."

त्याने धोतर वर खोचलं. मला न्यायला आणलेल्या गाडीतून त्याने दिवसभर गाळ वाहिला आणि माझ्या भाताच्या तुकड्यात ओतला. संध्याकाळी खणलेल्या तळातून झिरा फुटला. आधी लाल पाणी, मग निवळ. भावाने बैलांना पाजलं, स्वतः ओंजळभर प्यायला आणि म्हणाला, "गोड हाय." परत जाताना चल म्हणाला नाही. त्यानंतर कधीच म्हणाला नाही.

पुढचं थोडक्यात. गावाने वरच्या डोंगरावर भट्टीच्या मजुरीला जाणं बंद केलं, तसा ठेकेदार दुसरीकडे गेला. काठावर करंज आणि जांभळी लावल्या, त्यातल्या बऱ्याच जगल्या. नायलॉनची जाळी आली तसा तागाला कोणी विचारेना, आणि लोकांनी तो लावायचंच सोडलं. तो डोहात पडत नाही याचं श्रेय देवीला जातं, जाऊ दे. काही वर्षांनी एक पाणमांजर दिसलं. एकटंच होतं. खडकावर बसून त्याने सगळा मासा एकट्याने खाल्ला.

दर वर्षी शिमगा झाला की एक दिवस गाव गाळ काढायला उतरतं. त्यासाठी आता एक रीत पडली आहे. आधी कोणी उतरत नाही. सकाळी चार माणसं माझ्या अंगणात येतात आणि म्हणतात, "चला." मी डोहात पहिला पाय घालायचा. सगळे काठावर गप्प उभे राहतात, मी उथळातून पलीकडे जाऊन परत येते, मग फावडी पडतात. पूर्वी विधवा म्हणून शुभ कामाला मला बाजूला ठेवायचे, आता देवीचं माणूस म्हणून बाजूला ठेवतात. बायका पाया पडतात. पाया पडणारी बाई तांदूळ निवडायला येऊन बसत नाही. काकी बसायची. ती गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली.

यंदा वयाने पाय उचलत नव्हता. त्यांनी हाताला धरून मला पाण्यापर्यंत नेलं आणि तिथे हात सोडला, कारण रीत तशी आहे. तळवा टेकला तसा जुना व्रण खुपला. मी सरळ चालत पलीकडे गेले आणि परत आले. मग ते खणायला लागले आणि मी हंडा भरून घरी आले.